गॉडफ्रेचा खटका

माणिकपूरला चर्चच्या मागच्या गल्लीत, रिक्षा स्टँड ओलांडला की डाव्या हाताला गॉडफ्रे तुस्कानोचं दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. एक होती, ती त्यानं तेरा वर्षांपूर्वी एका व्हॅनच्या सीटखाली तळाला ठोकून टाकली, कारण तेवढ्या मापाचा पत्रा त्या दिवशी मिळत नव्हता आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी वऱ्हाड न्यायचं होतं. पाटीवाचून कुणाचं काही अडलं नाही. गाडीची सीट म्हटली की गॉडफ्रे, हे वसईत शाळकरी पोरालाही ठाऊक होतं.

आता सीटची कव्हरं शिवणारे गल्लोगल्ली आहेत. नुसतं कव्हर शिवायचं काम आलं की गॉडफ्रे तोंड वाकडं करायचा. त्याची खरी कारागिरी वेगळीच. कारखान्यातून गाडी येते ती कुठल्याशा कागदावरच्या कुटुंबासाठी, नवरा, बायको आणि दोन शहाणी मुलं. असलं कुटुंब वसईत कुणी पाहिलंय? इथं घरात आई असते, लग्न न झालेली आत्या असते, तीन पोरं असतात, आणि सोमवार ते शनिवार या सगळ्यांच्या पोटापाण्याचा माल असतो. कुणाच्या भाजीच्या क्रेट, कुणाच्या फुलांच्या करंड्या, पाचूबंदरच्या बायकांच्या मासळीच्या टोपल्या. सहा दिवस टेम्पो आणि सातव्या दिवशी मिसाला जायची गाडी, अशी एकच गाडी लोकांना हवी असायची, कारण दोन घ्यायची ऐपत कुणाची नव्हती. तेव्हा मागच्या सीट मिटवून, उलटवून मालाला जागा करायची आणि रविवारी सकाळी त्याच पुन्हा उभ्या करून अख्खं घर त्यात मावेल असं बघायचं, हे गॉडफ्रेचं काम.

माप घ्यायची त्याची रीतही न्यारी. रविवारची मिसा सुटली की ज्याची गाडी करायची ते सगळं कुटुंब, नटूनथटून आलेलं तसंच, दुकानातल्या लांब लाकडी बाकावर बसायचं. घरी जेवायला बसतात त्याच क्रमानं. गॉडफ्रे खडूनं बाकावर रेघा मारत जायचा आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा. ‘‘सासू आनि सून शेजारी नको, फोम कितीबी जाड घातला तरी टोचतो.’’ मग ते आकडे घराण्याच्या नावासकट भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून ठेवायचा. पोरं वाढली की लोक पुन्हा यायचे आणि जुन्या आकड्याशेजारी नवा पडायचा. त्या भिंतीवर किती घरं होती कोण जाणे, पण लग्न जमवणारी माणसंसुद्धा कधीकधी ती भिंत वाचायला यायची म्हणतात.

या सगळ्यावर कळस चढवला तो त्याच्या खटक्यानं. हा खटका नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. मधल्या रांगेची सीट पुढच्या दोन पायांशी बिजागरीवर बसवलेली असे आणि मागचे दोन पाय जमिनीवरच्या खाचेत अडकत. ते सोडवायला कुठलाही कारखानेवाला दांडा नाहीतर दोरी देतो. पण कार्मिन नावाची पाचूबंदरची मासळीवाली गॉडफ्रेला म्हणाली, ‘‘दोनी हातान टोपली, मं दांडा काय दातान ओढू?’’ झालं. गॉडफ्रेनं पंधरा दिवस डोकं लावलं आणि असा खटका केला की सीटला मागून गुडघ्यानं ढोसलं की मागचे पाय सुटत आणि अख्खी सीट पुढं कोलांटी खाऊन मिटून जात असे. हात लावायचं कामच नाही. कार्मिननं पहिल्यांदा गुडघा मारला, सीट गप्पकन मिटली, आणि ती म्हणाली, ‘‘माज्या घोवानं एवढी काळजी केली नाय माजी आजवर.’’ पुढच्या वर्षभरात वसईपासून आगाशीपर्यंत ज्याला त्याला गॉडफ्रेचा खटका हवा होता.

कोलांटीत अडकतात म्हणून त्या रांगेचे कंपनीचे पट्टे गॉडफ्रे कापून टाकायचा. गिऱ्हाइकांनाही त्याचं काही वाटत नसे. मागं बसून पट्टा बांधणारा माणूस तेव्हा वसईत दिवा घेऊन शोधला असता तरी सापडला नसता. कधी कुणी सांगायचं, ‘‘गॉडफ्रे, जोरात ब्रेक मारला की सीट जरा उसळते रे, पोरं हसतात.’’ गॉडफ्रे म्हणायचा, ‘‘हसू दे की. रडली तर मना सांग,’’ आणि एक जाड स्प्रिंग फुकट टाकून द्यायचा.

अलीकडे मात्र दुकानात माशा मारायची वेळ आली होती. नव्या गाड्यांच्या सीट आपल्याआपण मिटतात, त्यांच्या पोटात हवेच्या पिशव्या असतात, त्यांना हात लावला तर कंपनी हात वर करते. विरारच्या मनवेलपाड्यात आणि नालासोपाऱ्यात नवी दुकानं निघाली होती, थोडंफार काम होतं ते तिकडं जायचं. गॉडफ्रे त्रेसष्ट वर्षांचा झाला होता. बायको डेल्फिन म्हणायची, दुकान भाड्यानं द्या आणि घरी बसा. तो म्हणायचा, एक सीट राहिलीय, ती झाली की बंद करतो.

ती सीट त्याच्या नातीची. मुलगी लूर्डस कॅनडात नर्स होती, लहान मुलांच्या तातडीच्या वॉर्डात. लग्न होऊन गेली ती पाच वर्षांत एकदाही आली नव्हती. मध्ये मूल झालं, गॉडफ्रेच्या आईचं नाव ठेवलं, ग्लोरिया. साडेतीन वर्षांची झाली तरी आजा-आजीनं तिला फोनच्या काचेतच पाहिलेलं. आणि गेल्या नाताळाला ती तिघं येणार असं ठरलं, तेव्हा गॉडफ्रेनं मनाशी पक्कं केलं की विमानतळावरून पोर घरी येईल ती आपल्या व्हॅनमध्ये, आपल्या हातच्या सीटवर बसून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नातवंडांची मापं घेतली, एक तरी आपल्या घरची सीट नको का? बाकी त्याला नाताळाकडून काही नको होतं.

पण माप कसं घ्यायचं? पोर हजारो मैलांवर, तिला बाकावर बसवणार कोण? तेव्हा गॉडफ्रेनं डेल्फिनला पुढं केलं. ती फोनवर लेकीला म्हणाली, ‘‘बाय, ग्लोरीला फ्राक शिवते नाताळचा, माप धाड.’’ लूर्डसनं खांदा, छाती, कंबर, उंची, सगळं इंचात पाठवलं. गॉडफ्रेनं फ्रॉकच्या मापावरून सीट बेतली. शेजारच्या मायकलची चार वर्षांची पोर आणून बसवली, तिच्या मापातून इकडं पाव इंच कमी, तिकडं अर्धा जास्त असं करत सव्वा महिना तो त्या एका सीटमागं होता. निळं रेक्झिन, पांढरी दोरी फिरवलेली कड, डोकं टेकायला दोन मऊ पंख, खाली खेळणी ठेवायचा सरकता खण, बाजूला पाण्याच्या बाटलीची जागा. कमरेला रेक्झिनचा पट्टा आणि पितळेचं बक्कल, त्यानं स्वतः दुहेरी शिवलेलं. आणि ही सगळी सीट बसली कशावर? अर्थात खटक्यावर. पोर उतरली की गुडघा मारायचा आणि तिच्या जागी आठवड्याचा बाजार ठेवायचा. हे लूर्डसला दाखवायची त्याला कोण घाई झाली होती. लहानपणी तिचा आवडता खेळच तो होता, मागून ढोसायचं आणि सीटला कोलांटी मारायला लावायची.

विमान सकाळी उतरलं. पोर दारातून बाहेर आली ती बापाच्या खांद्यावर अर्धवट झोपलेली. डेल्फिन रडली, लूर्डस रडली, जावई नेल्सन ढकलगाड्या सांभाळत उभा राहिला. गॉडफ्रेनं कुणाला फारसं रडू दिलं नाही. तो सगळ्यांना व्हॅनशी घेऊन गेला आणि त्यानं सरकतं दार उघडलं.

लूर्डसनं सीटवरून हात फिरवला. ‘‘पप्पा, ही तुम्ही केलीत?’’

‘‘मं काय बाजारातून आनली?’’

ती खाली वाकली. सीटचे मागचे पाय तिनं पाहिले, मग पट्टा पाहिला. ‘‘गाडीचे बेल्ट कुठे आहेत?’’

‘‘ते अडकतात. ह्यो काय, हाय की पट्टा. ओढून बघ, बैल बांधला तरी तुटनार नाय.’’

‘‘पट्टा सीटला आहे पप्पा. सीट कशाला आहे?’’

‘‘खटक्याला.’’

लूर्डस उभी राहिली. तिनं बापाच्या दंडाला हात लावला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘‘पप्पा, रागावू नका. मी हिला यात नाही बसवणार.’’

नेल्सननं टॅक्सी केली. त्यांच्या सामानात एक भलं मोठं प्लास्टिकचं धूड होतं, त्यानं ते टॅक्सीच्या पट्ट्यांनी आवळून बसवलं आणि ग्लोरीला त्यात जेरबंद केलं. डेल्फिन लेकीबरोबर टॅक्सीत गेली. गॉडफ्रे सामान घेऊन व्हॅननं मागून आला, घोडबंदर, मग हायवे, सगळ्या वाटेवर एकटा. निळ्या सीटवर विमानातली एक मोठी बॅग बसून आली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण ते गॉडफ्रेला इतक्या जवळून कधी लागलं नव्हतं.

तीन दिवस तो लेकीशी धड बोलला नाही. नाताळच्या सकाळी सगळे मिसाला निघाले तेव्हाही तेच, ती तिघं रिक्षानं गेली. वसईच्या रिक्षाला कसले पट्टे नि कसलं काय, हे त्यानं बोलून दाखवलंच, शिवाय दुपारी सगळ्यांना व्हॅननं तुंगारेश्वरला फिरायला नेतो म्हणाला. लूर्डस म्हणाली, हो, ते पण चूकच आहे, पण रिक्षा चर्चपर्यंत हळू जाते, तुम्ही म्हणता तसं हायवेनं तुंगारेश्वरला नाही जात. जेवताना पुन्हा विषय निघाला. लूर्डसनं ताट बाजूला सारलं.

‘‘आमच्या वॉर्डात येतात ती मुलं, पप्पा. रोज येतात. आईबापांचं काही चुकलेलं नसतं, फक्त मूल सीटला धड बांधलेलं नसतं. मी त्या आईबापांशी बोलते, कारण मला थोडं बरं बोलता येतं म्हणून मलाच पुढं करतात.’’

‘‘आनि तुला कशात वाढवली मी? वीस वर्षं त्याच सीटवर बसलीस. काय झालं तुला?’’

‘‘काही नाही झालं.’’

‘‘मं?’’

ती ग्लोरीला घास भरवू लागली. ते गॉडफ्रेला जास्त झोंबलं. डेल्फिन म्हणाली, ‘‘सोन्याची सुरी झाली म्हनून कोन उरात खुपसून घेतं का? पोर तिची हाय, तिला वाटल तशी बसवल.’’

मग गॉडफ्रेला जिद्द चढली. शिकलेल्या माणसाला तोंडानं पटवता येत नाही, करून दाखवावं लागतं, असं त्याचं मत होतं. ग्लोरीचं वजन चौदा किलो हे त्याला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं घरातल्या कोलम तांदळाचं पोतं काट्यावर ठेवून बरोबर चौदा किलो केलं, तोंड सुतळीनं बांधलं, निळ्या सीटवर बसवलं, पितळी बक्कल लावलं आणि व्हॅन मिठागराकडच्या सरळ रस्त्याला काढली. तिथं सकाळी चिटपाखरू नसतं. मनात त्यानं हिशोब केला होता, तीनदा ब्रेक मारायचा, पोतं जाग्यावर राहिलं की गाडी तशीच घरी न्यायची आणि लूर्डसला म्हणायचं, बघ.

पहिल्यांदा वीसच्या वेगाला ब्रेक मारला. पोतं हललंसुद्धा नाही. दुसऱ्यांदा तीसला. मागून जरा कुरकुर ऐकू आली, पण पोतं जागच्या जागी. गॉडफ्रेला हसू आलं. तिसऱ्यांदा त्यानं चाळीस गाठले आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

मागं गप्पकन आवाज झाला. तो आवाज त्याच्या इतका ओळखीचा होता की वळून पाहायचीही गरज नव्हती. पंचवीस-तीस वर्षं गिऱ्हाइकांपुढं अभिमानानं ऐकवलेला. तरी त्यानं वळून पाहिलं. सीट कोलांटी खाऊन पुढच्या सीटच्या लोखंडावर आपटली होती. पट्टा सुटला नव्हता, शिवण उसवली नव्हती, बक्कल जागेवर होतं. पोतं सीटला घट्ट बांधलेलं, तोंड खाली करून, आणि सुतळीची गाठ जिथं होती तिथं ते लोखंडावर फाटलं होतं. तांदूळ खाली गळत होते.

खटका तुटला नव्हता. त्यात काही बिघाडही नव्हता. मागून ढकललं की सुटायचं हेच त्याला शिकवलं होतं, आणि पोत्याच्या वजनानं त्याला पुढं ढकललं. गुडघा असो की ब्रेक, त्याला काय कळणार? कार्मिनच्या टोपलीची सोय करताना गॉडफ्रेनं टोपलीचाच विचार केला, सीटवर माणूस बसलेला असतो त्या वेळेचा केलाच नाही. इतकी साधी गोष्ट, आणि ती इतक्या वर्षांत ना त्याच्या ध्यानात आली ना कुणाच्या.

तरी माणसाचं मन वेडं असतं. त्याला वाटलं, एखादे वेळी पाय खाचेत नीट बसला नसेल. त्यानं पोतं बांधलं, खटका दोनदा हातानं तपासला, स्प्रिंग ताणून पाहिली आणि पुन्हा चाळीसला ब्रेक मारला. पुन्हा तेच. मग तो रस्त्याच्या कडेला बराच वेळ बसून राहिला. लहानपणी रात्री गाडीनं गचका खाल्ला की लूर्डस झोपेतच मागून ‘‘पप्पा, हळू’’ म्हणायची, ते त्याला आठवलं. ती किती वेळा म्हणाली असेल. आपण वीस वर्षं पोरीला मरणावर बसवून फिरवली आणि वर विचारलं, काय झालं तुला, या विचारानं तो उठला आणि व्हॅनमध्ये सांडलेले तांदूळ मुठीमुठीनं पोत्यात भरू लागला.

घरी येऊन त्यानं डेल्फिनला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘देवानं राखली.’’ तो म्हणाला, ‘‘आपली राखली. बाकीच्यांचं काय?’’ लूर्डसला तो एवढंच म्हणाला, ‘‘तुजं बरोबर हाय, बाय.’’ तिनं त्याला जवळ घेतलं, म्हणाली, जाऊ दे पप्पा, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत. पण मुद्दाम केलं नाही यानं त्याला काडीचाही दिलासा मिळाला नाही. निळी सीट त्यानं त्याच दिवशी काढली. चार जानेवारीला लेक, जावई, नात टॅक्सीनं विमानतळावर गेली. त्या बारा-तेरा दिवसांत ग्लोरी आजाच्या व्हॅनमध्ये एकदाही बसली नाही.

पाच तारखेला गॉडफ्रे दुकान उघडून भिंतीपुढं उभा राहिला. खटका लावलेल्या घरांची नावं त्यानं एकेक करून वहीत उतरवली. छप्पन्न निघाली. त्याचा बेत सरळ होता. ज्याची त्याची गाडी बोलवायची, खटका कापायचा, मागचे पाय जमिनीला कायमचे वेल्ड करायचे, कंपनीचे पट्टे आणून लावायचे, सगळं फुकट. जे बिघडवलं ते आपण निस्तरायचं.

फोनवर लोक आधी खूश व्हायचे. ‘‘अंकल, किती दिवसांनी! सीट एकदम मस्त, पोरं तिथंच झोपतात.’’ मग गॉडफ्रे पोत्याची गोष्ट सांगायचा. पलीकडून उत्तर यायचं, बघतो, या महिन्यात जमायचं नाही, लग्नसराई आहे. एकानं विचारलं, आता इतक्या वर्षांनी तुम्हाला का सुचलं, कुणी केस केली का? चौदा जणांनी गाडी केव्हाच विकली होती, कुणी डहाणूला, कुणी वाड्याला, कुणी एजंटाला, आणि एजंटाला तर कुठली गाडी कुठं गेली हे सांगायची सवयच नसते. त्या गाड्या खटक्यासकट कुठंतरी फिरत होत्या, त्यात कोण कुणाची पोरं बसत होती हे देवालाच ठाऊक.

कार्मिनकडं तो स्वतः गेला. ती आता साठीला आली होती, व्हॅन मुलगा चालवायचा, आणि मधल्या सीटवर तिची दोन नातवंडं शाळेत जायची. तिनं सगळं ऐकून घेतलं.

‘‘वेल्ड केल्यावर सीट मिटल का?’’

‘‘नाय मिटनार.’’

‘‘मं टोपल्या कुठं ठेवू?’’

‘‘कार्मिन, पोरं बसतात तुजी तिथं.’’

‘‘पोरं टोपल्यांवर जगतात, गॉडफ्रे.’’ ती रागानं नव्हती बोलली. ‘‘दुसरी गाडी तू देशील का? मं? हळू चालवाय सांगते पोराला, आनखी काय करू?’’

गॉडफ्रेनं तिला दांड्याचा खटका करून देतो म्हटलं, कारखान्यासारखा, हातानं ओढायचा. ती म्हणाली, बघू, पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की गाडी लावते. पावसाळ्याला पाच महिने होते. तीन महिन्यांत छप्पन्नपैकी नऊ गाड्या आल्या. त्यातले एक जण आठवड्यानं परत आले आणि म्हणाले, अंकल, सामान ठेवता येत नाही हो, पहिल्यासारखं करून द्या. गॉडफ्रे नाही म्हणाला. नंतर कळलं की त्यांनी ते मनवेलपाड्यातून करून घेतलं.

मनवेलपाड्यात विघ्नेशचं दुकान होतं. हा विघ्नेश आठ वर्षांपूर्वी स्वतःची व्हॅन घेऊन माणिकपूरला आला होता, काम होईपर्यंत दोन दिवस दुकानात बसून सगळं डोळ्यांनी टिपत राहिला, आणि वर्षभरात त्यानं विरारला स्वतःचं दुकान टाकलं. गॉडफ्रेनं तेव्हा मनाला लावून घेतलं नव्हतं. विद्या चोरीला जात नाही, वाढते, असं तो मोठेपणानं म्हणायचा. आता मात्र तो सकाळीच व्हॅन काढून विरार पूर्वेला गेला, फाटक्या पोत्यात पुन्हा चौदा किलो तांदूळ भरून, मागच्या बाजूला ठेवून.

दुकान कसलं, शेडच होती, एकावेळी चार गाड्या मावतील एवढी. चारही व्हॅन होत्या आणि चारहींच्या सीट काढून ठेवल्या होत्या. विघ्नेश त्याला बघून हातातलं ग्राइंडर ठेवून आला आणि सगळ्यांदेखत वाकून पाया पडला. ‘‘दादा, तुम्ही! निरोप पाठवायचा ना, मीच आलो असतो.’’ शेडमध्ये एक कुटुंब गाडीशी उभं होतं, ऑफिसात जाणारा असावा असा माणूस, त्याची बायको, म्हातारी आई आणि पाचेक वर्षांची मुलगी. विघ्नेश त्यांना म्हणाला, ‘‘हे बघा, गॉडफ्रेचा खटका म्हणतात ना, ते गॉडफ्रे हेच.’’ माणसानं हात जोडले. म्हातारी कौतुकानं बघत राहिली.

गॉडफ्रेनं विघ्नेशला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. चाळीसचा वेग, पोतं, लोखंड. विघ्नेश मान हलवत ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, ‘‘दादा, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मला ते माहितीये. पण गिऱ्हाईक येऊन तेच मागतं. मी नाही म्हटलं तर पलीकडे नालासोपाऱ्यात चौघं बसलेत करायला. आणि हायवेला चाळीसनं ब्रेक कोण मारतंय, ट्रॅफिकच असतं तिथं.’’

‘‘चल, दाखवतो तुला. पोतं आनलंय.’’

‘‘आज डिलिव्हरी आहेत, दादा. चहा घ्या.’’ आणि मग तो उत्साहानं म्हणाला, ‘‘पण तुम्ही हे बघाच. तुमचा खटका जरा जड होता. बायकांना गुडघा दुखायचा. मी स्प्रिंग हलकी केली.’’ त्यानं जवळच्या सीटच्या पाठीला एक बोट लावलं. सीट गप्पकन मिटली. ‘‘एका बोटात.’’

गॉडफ्रे त्याच्याशी पुढं बोललाच नाही. तो सरळ त्या कुटुंबाकडं गेला आणि म्हणाला, ‘‘ही सीट करू नका.’’

‘‘का हो काका?’’ माणूस म्हणाला. ‘‘तुमचाच शोध ना हा?’’

‘‘माजाच. म्हनूनच सांगतो. ब्रेक मारला की सुटते.’’

‘‘सुटली तर पुन्हा लागते ना?’’ म्हातारी म्हणाली. ‘‘आमच्या शेजाऱ्यांकडं आहे. गणपतीला गावी गेलो त्यात, पोरं काय मजेत आली. सगळ्यांचं सामान मावलं.’’

माणसानं विघ्नेशकडं पाहिलं. विघ्नेशनं समजूतदारपणे डोळे मिटले, म्हाताऱ्या माणसाचं मन राखताना मिटतात तसे. मुलीच्या आईला तेवढं काहीतरी उमगलं असावं, कारण तिनं मुलीला जवळ ओढलं आणि खरोखरच विचारलं, ‘‘मग अंकल, हिला कुठं बसवू?’’

‘‘घरी,’’ गॉडफ्रे म्हणाला.

सगळे हसले. विघ्नेश तर टाळी देत म्हणाला, दादांची ही सवयच आहे, माप घेताना हसवून हसवून बेजार करायचे. चहा आला. गॉडफ्रेनं कप हातात घेतला नाही. तो त्या बाईकडं बघत पुन्हा म्हणाला, ‘‘घरी बसवा तिला.’’ दुसऱ्यांदाही सगळे हसले, आता तीही हसली, आणि विघ्नेश त्यांच्या गाडीचे मागचे पट्टे कापायला घेऊन बसला.